सरांचा विड्रॉल

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. बाबांच्या थरथरणाऱ्या हातांकडे त्यानं एकदा पाहिलं, मग केसपेपरवरच्या पत्त्याकडे, मग परत हातांकडे. सिस्टरला म्हणाला, "विड्रॉल वाटतोय."

"कसला?" मी विचारलं.

"रोज किती घेतात?"

"काय किती घेतात?"

"मॅडम, लपवू नका. ट्रीटमेंट त्यावर ठरते."

माझे वडील निवृत्ती पगारे. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे, म्हणून नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत ते 'सर'. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल आहे का, हे ते बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरून तपासत आणि असलं तर बाटली दुकानदाराला परत करत. पंचशीलातल्या चार शीलांबद्दल त्यांच्याशी वाद घालता यायचा, पाचव्याबद्दल, म्हणजे दारू न पिण्याबद्दल, नाही. संध्याकाळी शिकवणी संपली की ते कॉलनीतल्या पिणाऱ्यांच्या घरी जाऊन बसत. बोलत फारसे नसत. नुसते बसत. आईला त्याचा वैताग होता आणि मलाही. आपला बाप दुसऱ्यांच्या ओकाऱ्या काढत बसतो, हे कुठल्याच मुलीला आवडत नाही.

"ते घेत नाहीत," मी म्हटलं.

"सगळेच असं म्हणतात." तो हसला. ते हसू वाईट नव्हतं. मला समजून घेणारं होतं. त्या हसण्यासाठी मी त्याला माफ करणार नाही.

मी गंगापूर रोडला राहते आणि महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. हा शब्द वर्गात दरवर्षी निघतो. सैन्य मागे येतं तो. बँकेतून पैसे काढतात तो. उमेदवार घेतो ती माघार. रागात बोललेला शब्द परत घेतात तो. माणसांतून उठून कोणी आपल्यातच मिटून जातो तो. मराठीत प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे, इंग्रजीनं आळस केलाय, असं मी म्हणते आणि मुलं हसतात. दारू सुटताना अंगाला जी थरथर सुटते, तिच्यासाठी मात्र आपण वेगळा शब्द केला नाही. इंग्रजीतला उचलला आणि त्याचा 'विड्रॉल' केला.

बाबांच्या नावाचाही अर्थ जवळपास तोच, मागे फिरणं. आजीचा त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांना नवस होता म्हणून निवृत्ती. धम्मदीक्षा घरात त्यानंतर आली. सर, आता तरी नाव बदला, असं कोणी म्हटलं की ते म्हणायचे, "नाव राहू द्या. मी फिरत नाही म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. बाबांचं सोडियम फार खाली गेलं होतं. बीपीची गोळी, त्यात आई गेल्यापासून स्वतःच रांधलेलं अळणी जेवण. थरथर त्याची होती, बरळणंही त्याचंच. पण तोवर त्यांना गुंगीचं औषध दिलं गेलं होतं, आकडी येऊन गेली होती आणि छातीत पाणी उतरलं होतं. मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन सोडियमबद्दल बोलले. त्यांच्या मागे तो तरुण डॉक्टर मोबाइलमध्ये बघत उभा होता. विड्रॉल हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही. कोणी परतही घेतला नाही.

त्या आठवड्यात बाबा गेले.

*

शब्द मात्र आधीच कॉलनीत पोचला होता, कारण बाबांना दवाखान्यात आणलं ते शेखरच्या गाडीतून. महापालिकेच्या निवडणुका लागल्या होत्या. शेखरला उभं राहायचं होतं, त्यामुळे कॉलनीत कोणाला शिंक आली तरी त्याची पांढरी गाडी दारात उभी राहायची. डॉक्टर बोलला तेव्हा तो माझ्या मागेच होता.

बहुतेकांना शब्द कळलाच नाही. शेजारच्या मालनबाईंना विड्रॉल म्हणजे बँकेतली स्लिप एवढंच माहीत. त्या दवाखान्यात मला म्हणाल्या, "सरांना पैशे काढायचे व्हते का गं? तेच बडबडत व्हते का?"

कॉलनीला अर्थ सांगितला शेखरनं. त्याला तो सांगता येत होता. दहाएक वर्षांपूर्वी तो गटारीच्या कडेला सापडायचा. त्याची दारू सोडवली ती बाबांनी. त्याला दवाखान्यात घालून ते त्याच्या पलंगाशी बसले होते. त्याला भिंतीवर मुंग्या दिसायच्या आणि बाबा त्याला पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. पुढे शेखर प्लॉटच्या धंद्यात पडला, अंगठ्या आल्या, गाडी आली, पाठीमागे चार पोरं आली. त्यानं दारूला परत हात लावला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

"विड्रॉल काय असतो ते मला विचारा," तो विहाराच्या पायरीवर बसून म्हणाला असणार. मी तिथे नव्हते. पण नंतर इतक्या जणांनी ते वाक्य मला त्याच्या आवाजात ऐकवलं की नसण्यानं काही बिघडलं नाही. "असल्याशिवाय येत नाही तो. सर गुपचूप घेत होते. काकू गेल्यापासून घेत असतील. एकटा माणूस."

मला वाटलं होतं, लोक बाबांना नावं ठेवतील. त्याची तयारी मी करून ठेवली होती. आमच्या कॉलनीला मी ओळखत नव्हते. लोकांना आनंद झाला. ज्यांच्या दारात बाबा जाऊन बसायचे, ज्यांच्या बायकांना ते धीर द्यायचे, ती सगळी घरं एकदम मोकळी झाली. इतकी वर्षं त्यांच्या छातीवर एक सरळ माणूस बसला होता, तो उठला. जलदान विधीला आलेले पुरुष माझा हात हातात घेऊन म्हणत होते, "माणूस व्हता, ताई. शेवटी माणूसच व्हता." भन्तेजी पाण्याचं भांडं ओतत होते आणि मागच्या रांगेत कोणीतरी कोणाला हळूच सांगत होतं की सर कुठल्या दुकानातून घेत असतील. लांबून आणत असणार, असं ठरलं. हुशार माणूस.

त्यांनी बाबांना क्षमा केली होती. न केलेल्या गोष्टीची क्षमा इतकी स्वस्त असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

*

पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. 'कै. निवृत्ती सर पगारे यांची भव्य श्रद्धांजली सभा'. खाली शेखरचा फोटो, हात जोडलेला, बाबांच्या फोटोच्या दुप्पट.

मी त्याच्या संपर्क कार्यालयात गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचे कागदी कप, भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि शेखर.

"या ताई, जय भीम. चहा सांगतो."

"नको. फ्लेक्सवर 'कै.' लिहिलंय."

"मग?"

"कैलासवासी. बाबा कैलासाला गेले नाहीत. आपल्यात कालकथित लिहितात. तुला माहीत आहे."

तो पोरांकडे बघून हसला. "डिझाइनवाला मखमलाबादचा आहे, ताई. त्याच्याकडे तयार साचा असतो. लावतो चिठ्ठी वर. एका शब्दानं काय होतं एवढं?"

"आणि भव्य श्रद्धांजली म्हणजे काय?"

"आचारसंहिता आहे ना. उद्घाटन करता येत नाही. श्रद्धांजलीला कोण अडवणार?"

"कसलं उद्घाटन?"

मग त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. तिथे चार लोखंडी पलंग लावले होते आणि नवी पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. 'निवृत्ती सर व्यसनमुक्ती केंद्र'. त्याखाली लाल अक्षरांत, 'सरांना जमलं, तुम्हालाही जमेल'.

मी ते वाक्य दोनदा वाचलं.

"हे काढ," मी म्हटलं.

"ताई, बसा. शांतपणे ऐका." त्यानं पलंगावरची धूळ हातानं झटकली. "न पिणाऱ्याच्या नावावर पिणारा येत नाही. मी पिलेला माणूस आहे, मला विचारा. सर माझ्याजवळ बसायचे तेव्हा मी मनात शिव्या द्यायचो. म्हणायचो, या भाड्याला काय माहीत काय होतंय मला. आता पोरांना कळलंय की सरांचेही हात थरथरत होते, तर चार जण आले नाव द्यायला. आपल्या मालनबाईंचा प्रफुल्लसुद्धा."

"शेखर, त्यांचं सोडियम कमी झालं होतं. मीठ. रिपोर्ट आहे."

"रिपोर्ट काय, कोणीपण करून देतं."

"मी त्यांची मुलगी आहे. मी सांगतेय, ते घेत नव्हते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं, डॉक्टरच्या चेहऱ्यावर आलं होतं ते. "घरचे नाकारतातच, ताई. मला दवाखान्यात पहिल्या दिवशी शिकवलं होतं. माझी आई पण असंच म्हणायची, माझा शेखर घेत नाही."

आयुष्यभर पुस्तकं वाचून मी इतकं पक्कं कुलूप कधी पाहिलं नव्हतं. मी हो म्हटलं तर बाबा दारुडे. नाही म्हटलं तर दारुड्याच्या घरचे असंच म्हणतात.

*

मग मी त्या डॉक्टरकडे गेले. शब्द त्याचा होता, परतही त्यानंच घ्यायला हवा होता. ओपीडी संपेपर्यंत मी बाकावर बसले. त्यानं मला ओळखलं नाही, बाबांचं नाव सांगितल्यावर ओळखल्यासारखं केलं.

"हां हां. हायपोनेट्रेमिया, सोडियमवाले. वाईट झालं."

"तुम्ही आधी विड्रॉल म्हणाला होता."

"वाटतोय म्हणालो असेन. मॅडम, पहिल्या तासात आम्ही चार शक्यता बोलतो."

"त्यातली एकच गाडीत बसून कॉलनीत आली. 'वाटतोय' इथेच राहिलं."

तो जरासा गोंधळला. "पण कागदावर कुठेच नाही ते. मी बघितलंय. तुम्ही काळजी करू नका."

"कागदावर असतं तर खोडता आलं असतं. तुम्ही सर्वांसमोर बोललात. आता सर्वांसमोर सांगा, की चूक झाली. रविवारी सभा आहे."

"मॅडम, असं नसतं होत. आमचं मॅनेजमेंट आहे..." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "मी तुम्हाला सांगतोय ना, ते घेत नव्हते. बास?"

मला सांगत होता तो. सबंध नाशिकमध्ये जिला ते सांगायची गरज नव्हती, तिला. 'पत्ता कुठला वाचलात म्हणून दारू सुचली,' असं विचारायचं मी ठरवून गेले होते. विचारलं नाही. त्याला प्रश्न कळला नसता आणि मला तो समजावून द्यावा लागला असता.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या घरात भांडी आवरत होते तेव्हा मालनबाई आल्या. माहेरच्या सायखेड्याच्या, नवरा दारूनं गेलेला, एकुलता एक प्रफुल्ल रंगकाम करतो, म्हणजे हात स्थिर असतील त्या दिवशी करतो. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"रईवारी तू बोलनार हाय म्हनं."

"हो."

"काय बोलनार?"

"खरं ते."

"खरं मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "सर घेत नव्हते. नवऱ्याचं तोंड हुंगन्यात माझी जवानी गेली. मला वास कळत नाय का? सरांच्या तोंडाला बडीशेप."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "मग तुम्ही बोलत का नाही? तो शेखर गावभर..."

"प्रफुल्ल रईवारी शपथ घेनार हाय. सरांच्या फोटोसमोर." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हनतो, सरांसारखा मानूस यातून गेला तर मला काय झालं. आजवर कुनाचं ऐकलं नाय त्यानं, पोरी. राहू दे ना खोटं थोडे दिवस. सर काय आता उठून बघनारेत?"

"नाही, बघणार नाहीत."

"मंग?"

"म्हणूनच."

मालनबाईंनी पदराचं टोक बोटावरून सोडलं. "तुझं बरं हाय," त्या म्हणाल्या. "तू गंगापूर रोडला जाशील परत." आणि निघून गेल्या.

मला त्यांचा राग आला नाही. मला त्यांची किळस आली, आणि ती येते आहे हे लक्षात येऊनही ती गेली नाही. माझ्या वडिलांना त्या चांगलं ओळखत होत्या आणि ती ओळख त्यांनी पोरासाठी विकायला काढली होती. बाबा असते तर म्हणाले असते, विकू दे, तिच्याकडे दुसरं काय आहे. म्हणूनच मला बाबांशी या विषयावर कधी बोलता आलं नाही.

*

रविवारी विहाराच्या पटांगणात मंडप होता. 'कै.'वर चिकटवलेली कालकथितची पट्टी एका कोपऱ्यातून सुटून वाऱ्यावर फडफडत होती. बाबांचा फोटो घरचा, मीच दिलेला, त्याला हार, शेजारी केंद्राची पाटी. शेखर मतं मागत नव्हता, फक्त हात जोडून फिरत होता.

भाषणं झाली. एका माजी नगरसेवकानं बाबांना 'चिखलातलं कमळ' म्हटलं आणि चिखल म्हणजे समोर बसलेले लोक, हे त्याच्याही लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही. एक जण म्हणाला, सर गेले पण विचार गेले नाहीत, आणि विचार कोणता ते सांगायला विसरला. मग प्रफुल्ल आणि आणखी तिघे पुढे आले. शेखरनं त्यांच्याकडून शपथ वदवून घेतली. आजपासून, या क्षणापासून, एक थेंबही नाही. टाळ्या. मालनबाई पहिल्या रांगेत, पदर तोंडाला लावून.

मला माइक दिला.

"माझे वडील दारू पीत नव्हते," मी म्हटलं. "कधीच प्यायले नाहीत. त्यांच्या रक्तातलं सोडियम कमी झालं होतं. डॉक्टरांनी घाईत चुकीचा शब्द वापरला आणि तुम्ही तो उचलला. या पाटीवरचं वाक्य खोटं आहे. त्यामुळे मी माझ्या वडिलांचं नाव मागे घेते. केंद्र चालवा. नाव दुसरं द्या."

कोणी चिडलं नाही. कोणी उठून गेलं नाही. लोक माना हलवत होते, हळूहळू, प्रेमानं. एक बाई डोळे पुसत होती. मागून आवाज आला, "लेक हाय शेवटी." आणि दुसरा, "बापाला कोन उघडं पाडंल?"

शेखरनं माझ्या हातातून अलगद माइक घेतला. "ताईंच्या भावना आपण समजू शकतो," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

मी खाली उतरले. फोटोवरचा हार काढून टेबलावर ठेवला, फोटो काखेत मारला आणि मंडपातून सरळ बाहेर आले. कोणी अडवलं नाही. दुःखात माणूस काहीही करतं, असं त्यांनी ठरवलेलं होतं. फक्त प्रफुल्ल मंडपाच्या खांबापाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. तो मान हलवत नव्हता. त्याचा चेहरा घाबरलेला होता.

*

मंगळवारी माघारीचा शेवटचा दिवस होता. दुपारी तीनपर्यंत मुदत. शेखरनं अडीचला अर्ज मागे घेतला. कोणाच्या सांगण्यावरून, कशाच्या बदल्यात, हे कॉलनीत ज्याला त्याला माहीत होतं आणि प्रत्येकाला वेगळं माहीत होतं. संध्याकाळपर्यंत कार्यालयातल्या खुर्च्या उचलल्या गेल्या, कारण त्या मंडपवाल्याच्या होत्या. पलंगही त्याचेच निघाले. पाटी पोरांनी उलटी करून गेटच्या आत ठेवली. शेखरचा फोन बंद.

हे मला मालनबाईंनी सांगितलं, बुधवारी सकाळी, माझ्या दारात उभं राहून. गंगापूर रोडला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. तीन रिक्षा बदलून.

"त्याला मुंग्या दिसू लागल्यात," त्या म्हणाल्या. "अंगावरच्या चादरीतून वेचून काढतो. घामानं भिजलाय, मलाच वळखत नाय. केंद्राला कुलूप. मी कुठं जाऊ?"

गाडी काढताना मला आठवत होतं ते ओट्यापाशी उभं राहून त्या बोलल्या ते सगळं, शब्दन् शब्द. त्याही काही विसरल्या नव्हत्या. शेखरसारख्या माणसानं मोडलेलं आपण सावरायला निघालो आहोत, याची मला चीड येत होती. बाबांनी ते आयुष्यभर केलं होतं, मी नाही म्हणत होते, आणि ते जाऊन महिनाही झाला नव्हता.

प्रफुल्लला आम्ही दोघींनी धरून गाडीत बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर वयस्कर होती, चष्मा केसांत अडकवलेला. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं, जिभेकडे पाहिलं, आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "दारू?"

मालनबाई माझ्याकडे बघू लागल्या. घरचे नाकारतातच.

"हो," मी म्हटलं. "रोज. रविवारी एकदम बंद केली. कोणाला न विचारता."

"एकदम कोणी बंद करायला सांगितली? असं करायचं नसतं, जीव जातो. विड्रॉल आहे हा." तिनं सिस्टरला इंजेक्शन सांगितलं. "रक्त घ्या. सोडियम पण बघा."

या वेळी शब्द बरोबर पडला होता. मी त्या बाईचे आभार मानले, तेव्हा तिला ते जरा जास्तच वाटले असावेत.

*

शुक्रवारी प्रफुल्ल माणसात आला. हाताला सलाइन, ओठ फुटलेले. मालनबाई पलंगाखाली चटईवर झोपल्या होत्या, तोंड उघडं. मी लोखंडी स्टुलावर बसले होते. कॉलेजला रजा टाकली होती आणि स्वतःला सांगितलं होतं की फक्त आजचा दिवस. बुधवारीही हेच सांगितलं होतं. मला त्या मुलाबद्दल माया वाटत नव्हती. त्याला वास येत होता आणि तो सारखं पाणी मागत होता.

"ताई."

"काय?"

"रविवारी तुम्ही बोलल्या ते खरं होतं ना?"

"हो."

"मला तिथंच वाटलं. बाकी कोणाला नाही वाटलं. मला वाटलं." त्यानं छताकडे पाहिलं. "लय भीती वाटली तेव्हा. म्हटलं, मग यातून गेलंय कोण? शेखरदादा? त्याच्यासारखं व्हायचं का सोडून?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

"सर पीतच नव्हते, तर मग त्याच्याजवळ कशाला बसले होते?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"विचारलं होतं. म्हणाले, पेपर वाचायला निवांत जागा मिळते."

प्रफुल्लला हसू आलं, त्यानं ओठ दुखला आणि त्यानं हात तोंडावर नेला. हात अजून थरथरत होता, पण पेला धरता येईल इतपत. मालनबाई कूस बदलून पुन्हा घोरू लागल्या.

पलीकडच्या पलंगावरच्या माणसाचा पेपर उशाशी पडला होता. मी तो विचारून घेतला. दोन दिवसांचा जुना. आतल्या पानावर अर्ध्या पानाची चौकट होती, 'माघार घेतलेले उमेदवार', प्रभागवार, बारीक अक्षरांत.

"वाचा ना काहीतरी," प्रफुल्ल म्हणाला. "मुंग्या नाहीत आता, पण त्या कोपऱ्यात बघायला नको वाटतं."

"यात नुसती नावं आहेत."

"चालतील. शेखरदादाचं आहे का?"

मी शोधलं. "आहे."

"त्याला घाम आला असेल का, ताई? मागे घेताना?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला सवय असणार."

तो पुन्हा हसला, या वेळी ओठ सांभाळून. मी स्टूल उजेडाकडे सरकवलं, पेपरची घडी घातली, आणि प्रभाग एकपासून वाचायला लागले.